खरी चूक

काचेची कड अंगठ्याला लागली – जाड, किंचित खरबरीत – आणि मध्यावर मात्र तीच काच इतकी पातळ, की पलीकडच्या बोटाची ऊब अंगठ्याला कळावी. वजा नंबरची काच अशीच असते. मध्ये झिजलेली, कडांना दाटलेली. डोळ्यांपुढे लांब धरली तर समोरचं सगळं लहान होऊन दूर जातं. तिनं ती धरली. दुकानामागच्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला घासणीच्या चाकावर वाकलेला म्हातारा कारागीर एवढासा झाला, चाकावर पडणारी पाण्याची धार दोऱ्याएवढी झाली, आणि भिंतीवरचं घड्याळ तर शर्टाच्या गुंडीएवढं... त्या गुंडीत अजून दुपारसुद्धा व्हायची होती. संध्याकाळ लांब होती. आणि संध्याकाळसाठी तिनं अजून चूक ठरवली नव्हती.

“ताई, किती वेळ बघणार मला त्या काचेतून?” चाक न थांबवता म्हातारा म्हणाला. सगळं दुकान त्याला भिंगोबा म्हणायचं, मालकसुद्धा.

“लहान करून बघतेय. एवढेसे दिसताय.”

“घरी बायकोला मी असाच दिसतो. तिला काच लागत नाही.”

ती हसली – ओठांनी हसली – आणि काच पाकिटात सरकवली.

चूक ठरवणं हे तिचं वाटेवरचं काम होतं. कामावर जाता जाताच माणूस परतताना भाजी कुठली न्यावी याचा विचार करतो, तशी ती आज कुठं चुकायचं याचा विचार करत यायची. परवा तिनं कंस चुकवला होता. २(क्ष + ४) मधला बाहेरचा दोन तिनं फक्त क्षला गुणला आणि आतला चार तसाच उपाशी ठेवला. “चारला पण,” तिची मुलगी म्हणाली होती. काल असमानता होती – बरोबरच्या चिन्हाऐवजी मधे ती चोच असते ना, मोठ्या घासाकडे उघडलेली, ते गणित. ५ − २क्ष > ११. पाच पलीकडे नेला, जाताना तो वजा झाला, −२क्ष > ६ उरलं. इथवर सगळं शहाण्यासारखं केलं, आणि मग वजा दोनाने भागताना चोच जिकडे होती तिकडेच राहू दिली. क्ष > −३. मुलगी शेजारी बसून पेन्सिलीचं टोक चावत होती. तिचा श्वास अडलेला हिला ऐकू आला... आणि मग ते आलं – “उलटव ना. वजाने भागलं की चिन्ह उलटतं. शून्य घालून बघ. शून्य वजा तीनपेक्षा मोठा आहे, म्हणजे चालायला हवा. पण मग पाच अकरापेक्षा मोठे होतात का?”

एवढं सगळं! एका दमात! तिनं ते जसंच्या तसं उशाशी नेलं होतं आणि अंधारात घास घास पुरवून आठवलं होतं. होतात का... मोठे होतात का... त्या ‘का’ला पूर्वीसारखी वर उडी होती.

चुकायलाही कसब लागतं. फार ढोबळ चूक केली तर पोरीला संशय येईल, फार बारीक केली तर तिच्या नजरेतून निसटेल – आणि ती गप्प राहील. ती गप्प राहिली की संध्याकाळ वाया गेली. मग ताटं मांडताना ताटांचाच आवाज, नळाचा आवाज, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली त्याचा आवाज. आणि ‘हवंय का अजून?’ला मान हलवून नाही, आणि ‘दिवा मालवू?’ला मान हलवून हो.

ही मुलगी – जिला बापानं भुंगा म्हणून हाक मारायला सुरुवात केली, कारण जाग आल्यापासून डोळा लागेपर्यंत तिची गुणगुण थांबायची नाही. आंघोळीच्या दाराआडून बोलायची, तोंडात घास असताना बोलायची, झोपेत बोलायची. ‘अगं, जरा थांब, कानांना उसंत दे,’ असं मी तिला किती वेळा... माझ्याच तोंडानं... दिली बाई तिनं उसंत. आता घे.

पुढच्या काउंटरवर फोन वाजला. रोज वाजतो तसाच. आणि रोजच्यासारखा तिचा हात जागच्या जागी थांबला, मालकांचं “हां बोला” ऐकू येईपर्यंत.

तोही असाच फोन होता, फक्त तिनं इथून केलेला. शाळेला सुट्टी होती, बाप-लेक दोघं घरी. नळ दुरुस्त करणारा येणार होता आणि तिला आठवण करायची होती, एवढंच. “बाबांना उठव गं जरा.” – “झोपलेत. इतके छान झोपलेत ना आई, मी पाय न वाजवता चालतेय.” – “बरं, मग झोपू दे.” झोपू दे... तीन अक्षरांच्या पलीकडे जायची नाही ती गोष्ट. मुलगी त्याच खोलीत खिडकीपाशी बसून गणितं सोडवत राहिली, नळवाला आला तेव्हा त्याला तोंडावर बोट ठेवून हळू काम करायला सांगितलं, आणि संध्याकाळी हिनं दार उघडलं तेव्हाही – “शू, झोपलेत.”

त्यानंतर ती बोलायची कमी झाली, आणि कमी होता होता थांबली. शाळेत विचारलं तर तेवढ्यापुरतं उत्तर द्यायची, म्हणे. घरी काहीच नाही. मुलीची मावशी म्हणायची, “पोरांचं असंच असतं, येईल बोलायला, तू जिवाला लावून घेऊ नकोस.” समजावणारी माणसं सांगायची, वेळ द्या. पण हिला आतून कळलं होतं. पोर एकदा छातीठोकपणे बोलली होती – झोपलेत – आणि ते चुकलं होतं. असं चुकलं होतं की खोडायला रबर नाही. आता ती कशाला कुठलं वाक्य उच्चारेल, ज्याच्या खाली काय निघेल ते ठाऊक नाही? हिनं तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, “डॉक्टर म्हणाले, तेव्हाच उठवलं असतं तरी काही फरक पडला नसता.” मुलीनं ऐकलं होतं. मान हलवली होती. बस्स.

मग ती संध्याकाळ. चष्म्याच्या डिप्लोम्याला बसावं असं हिच्या मनात होतं आणि प्रवेश परीक्षेत बीजगणित होतं, म्हणून हिनं मुलीचंच पुस्तक उघडलं, काचांची रिकामी पाकिटं उसवून त्यांच्या कोऱ्या बाजूवर एक एक पायरी मांडू लागली. ३क्ष − ७ = ८. शाळा सुटून इतकी वर्षं झाली होती की हात भलतीकडेच गेला; तिनं सात उचलून पलीकडे नेला आणि लिहिलं, ३क्ष = ८ − ७.

“चिन्ह.”

तिला वाटलं, भास झाला. तिनं मान वर केली नाही. पाखरू अंगणात उतरावं आणि आपण पापणीही हलवू नये, तशी ती बसून राहिली. “बाजू बदलली की चिन्ह बदलतं. अधिक सात,” मागून आवाज आला, बसलेला, गंजलेला, पण तिचाच. अधिक सात. आठ आणि सात पंधरा. तीन क्ष बरोबर पंधरा. क्ष बरोबर पाच. तिनं तो पाच इतका जपून काढला की जणू तो वाळत घातलेल्या ओल्या रंगाचा होता.

गणितात पोरीला भीती नव्हती. तिथं चूक दिसते, दाखवता येते, दुरुस्त होते, आणि दुरुस्त झाली की कुणी मेलेलं नसतं. तिथं ‘बरोबर’ म्हणजे दोन आडव्या रेघा, शेजारी शेजारी निजलेल्या, एकमेकींना न दुखवणाऱ्या. मग मी तिला रोज एक चूक का देऊ नये? दूध द्यावं तशी. एक चूक, ताजी, हातावर ठेवायची – घे गं बाई, ही धर, ही तुझ्याएवढीच आहे, हिला तू मोडू शकतेस... फसवते मी तिला. कळतं मला. पण ज्या दारातून लेकरू बाहेर येतं, ते दार खोटं आहे म्हणून कुणी लावून घेतं का?

“ताई, हे बघा!” पुढून कुणीतरी चिठ्ठी आत सरकवली. डॉक्टर तिरका नंबर – एकाच दिशेनं वाकडं दिसतं त्याचा – लिहितात अधिक चिन्हात, काच बनवणाऱ्यांना तो हवा असतो वजा चिन्हात, म्हणून प्रत्येक चिठ्ठी उलटवून द्यावी लागते. गोल नंबर आणि तिरका नंबर यांची बेरीज करायची, तो नवा गोल नंबर. तिरक्याचं चिन्ह उलटवायचं. कोन नव्वदाने फिरवायचा. तीच काच, तोच डोळा, फक्त लिहिणं दुसरं. तिनं इतक्या वर्षांत हे इतकं केलं होतं की चिन्ह दिसलं की हात आपोआप उलटवायचा, लहान मूल झोपेत कूस बदलतं तसा. हिला घरी चिन्ह न उलटवता ठेवणं जड जायचं. कालसुद्धा ती चोच तशीच ठेवताना तिची बोटं आखडली होती.

आज कुठलं चुकवावं? अपूर्णांक? छेद काढताना एका पदाला विसरावं?... तसं केलं तर ती “सगळ्यांना गुण” म्हणेल. कदाचित जास्तही.

आणि मागचं दार ढकलून, पाठीवर दप्तर, मुलगी आत आली.

तिनं हातातलं पाकीट खाली ठेवलं. “काय गं? काय झालं? बरं नाही का?”

मुलीनं मान हलवली. नाही.

“अहो, त्यांच्या शाळेची पाण्याची टाकी फुटली,” पुढून मालक ओरडले. “सगळ्या पोरांना सोडलंय, मघाशी एक आई चष्मा न्यायला आली होती, तिनं सांगितलं.”

“या, या, भुंगाताई!” भिंगोबानं चाक थांबवलं, हात पुसले, एक स्टूल पायानं तिच्याकडे सरकवलं. “बस. दप्तर खाली ठेव, तुझं लग्न लागलंय का त्याच्याशी? बघ, काचेचा भुगा उडतो, डोळे चोळायचे नाहीत. बोलत नाहीस तेच बरं, इथं बोललं की तोंडात जातो.”

मुलीच्या ओठांचा कोपरा थोडा हलला. तिनं दप्तर काढलं, स्टुलावर बसली, आणि आईच्या हातांकडे बघू लागली. ती कधी या खोलीत आली नव्हती. पुढे काउंटरवर आली होती, लहानपणी, चष्म्याच्या रिकाम्या डब्या उघडमीट करायला.

पुन्हा चिठ्ठी आली. “ताई, ही लगेच हवी, माणूस उभा आहे घ्यायला. गोल अधिक एक, तिरका अधिक दोन, कोन नव्वद.”

आणि तिचा हात थांबला.

एका क्षणात तिच्या मनात सगळं फिरून गेलं. सावकाश करावं? पाकिटाच्या पाठीवर मांडून, अडखळत, डोकं खाजवत? की चुकावं – इथंही चुकावं, थोडंसं – मुलगी बघतेय, मुलीला माहीत आहे की आईला चिन्हं जमत नाहीत, आईला रोज सांगावं लागतं... पण ही चूक पाकिटावर राहायची नाही. ही चूक घासली जाईल, फ्रेममध्ये बसेल, कुणाच्या तरी नाकावर चढेल, आणि तो कुणीतरी जिन्याची पायरी तिरकी बघेल.

“अधिक तीन,” ती म्हणाली. “वजा दोन. एकशे ऐंशी.”

“बघितलंस?” भिंगोबा खूश झाला. “कागद नाही, पेन्सिल नाही! आमचे मालक अजून बोटं मोजतात. अगं, तुझी आई झोपेत चिन्हं उलटवते. डॉक्टरांची चुकलेली चिठ्ठीसुद्धा हिनं पकडली होती मागं. हिच्याकडून शिकून घे गणित!”

“पुरे हो तुमचं.”

“पुरे काय? खरं बोललं की पुरे.”

मुलगी आईकडे बघत होती. चेहऱ्याकडे नाही, हातातल्या चिठ्ठीकडे, मग चिठ्ठी घेऊन जाणाऱ्या माणसाकडे, मग पुन्हा आईच्या हाताकडे. आश्चर्य नव्हतं त्या नजरेत. काय होतं ते हिला वाचता येईना... दुसऱ्याच्या नंबरच्या काचेतून बघावं तसं सगळं पोरीच्या चेहऱ्यावर होतं आणि काही म्हणता काही जुळत नव्हतं.

दुपार मग सरकता सरकेना. तिनं स्क्रू बसवले, एक खाली पडला, गुडघ्यांवर बसून शोधला. गेलं, तिला वाटत राहिलं, गेलं ते दार. आज संध्याकाळी मी कुठल्या तोंडानं चुकणार? आणि न चुकता बसले तर ती कशाला बोलेल? एक एक शब्द मिळवलेला... ‘चिन्ह’, ‘चारला पण’, ‘उलटव ना’... पायरी पायरीनं वर आणलेलं पोर. आता वरून कुणी शिडी काढून घेतली. आणि कुणी काढली? एका म्हाताऱ्याच्या कौतुकानं. त्या बिचाऱ्याला काय माहीत.

घरी जाताना दोघी शेजारून चालल्या. सिग्नलला थांबल्या, दुकानांच्या काचांतून त्यांच्या दोन सावल्या त्यांच्याबरोबर पुढे सरकल्या, एक उंच, एक तिच्या खांद्याला आलेली. मध्ये एकदा तिनं म्हणून पाहिलं, “भिंगोबा काहीही बोलतात.” मुलीनं तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

घरी दिवे लागले. मुलगी आतल्या खोलीत गेली. रोज ती हात-पाय धुऊन टेबलापाशी यायची, खुर्ची ओढायची. आज खुर्ची ओढल्याचा आवाज आला नाही. हिनं जेवणाची तयारी केली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मग टेबलापाशी एकटीच बसली. पाकीट उसवलं. पुस्तक उघडलं. निदान गणित तरी करावं. हातांना काही हवं होतं.

४क्ष + ७ < −१३.

आज चुकायचं नव्हतं. चुकून कुणाला दाखवायचं? तिनं सरळ, खालमानेनं सोडवायला घेतलं, जशी एखादी बाई एकटी असताना गुणगुणते. सात पलीकडे, वजा सात. वजा तेरा आणि वजा सात, वजा वीस. ४क्ष < −२०. चाराने भागलं. क्ष > −५. खाली रेघ ओढली. आणि नुसती बसवेना म्हणून, मुलीनं काल सांगितलं होतं तसं, शून्य घालून बघितलं. शून्य वजा पाचपेक्षा मोठा, म्हणजे चालायला हवा. चार शून्य शून्य, अधिक सात... सात. सात वजा तेरापेक्षा लहान?

नाही.

तिनं पुन्हा केलं. वजा तेरा, वजा सात, वजा वीस. बरोबर. वीस भागिले चार, पाच. बरोबर. प्रत्येक पायरी बरोबर आणि उत्तर खोटं. तिनं बोट ठेवून वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. तिला हसू यावं असं होतं ते, पण आलं नाही. इतके दिवस चुका कशा रांगेत उभ्या होत्या, बोलावलं की येणाऱ्या, ही कुठून आली? न बोलावता? आणि आहे कुठं?

“भुंग्या,” तिनं हाक मारली, आणि मग दिसलं की मुलगी दारातच उभी आहे. कधीची, कोण जाणे. “मला सापडत नाहीये गं. बघ ना जरा. शून्य घातलं तर सात येतात.”

मुलीनं लांबूनच कागदाकडे पाहिलं.

“मुद्दाम केलंयस.”

“नाही.”

“रोज करतेस.”

दोघींच्या मध्ये टेबल होतं, त्यावर दिव्याचं वर्तुळ. “हो,” ती म्हणाली. “रोज करत होते. आज... आज दुकानात कळलं ना तुला?”

“आज नाही.” मुलीचा आवाज बारीक, पण सरळ होता. “दुसऱ्याच दिवशी. तू चुकायच्या आधी माझ्याकडे बघतेस.”

मी बघते?... मी बघायचे...

“मग म्हणाली का नाहीस?”

खांदे उडाले. “तुला बरं वाटायचं.”

म्हणजे इतके दिवस – कोण कुणाला घास भरवत होतं? ही समजत होती की आपण काठावर बसून पोरीला हात देतोय. आणि पोर पाण्यात उभी राहून हिचा हात धरून होती, हिनं पडू नये म्हणून. काल ते लांबलचक, दमानं बोललेलं... ‘होतात का’ची ती उडी... तीही हिच्यासाठीच काढून दिलेली?

“बाबा पण करायचे,” मुलगी म्हणाली.

तो शब्द या घरात किती दिवसांनी उमटला. कुणी चमचा पाडला असता तरी इतका वाजला नसता.

“फळ्यावर. आमच्या वर्गात. मुद्दाम चुकायचे, कोण जागं आहे बघायला. कुणी बोललं नाही की तसंच पुढे सोडवत जायचे, शेवटी उत्तर काहीतरी वेड्यासारखं यायचं. पण तास संपायच्या आत सांगायचे. ‘आज मी तुम्हाला इथं फसवलं.’ खडूनं गोल करायचे तिथं.”

हिनं नवऱ्याला कधी वर्गात उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. शर्टाच्या बाहीवरचा खडू रोज झटकला होता, पण तो माणूस मुलांसमोर हसत चुकतो कसा, हे... हे मुलीकडे होतं. हिच्याकडे नव्हतं. इतके दिवस ते पोरीजवळ पडून होतं आणि हिनं मागितलं नव्हतं.

“ही खरी आहे,” ती म्हणाली. आवाज फुटला. “ही खरंच खरी आहे गं.”

मुलगी आली. खुर्ची न ओढता, वाकून, केस कागदावर सांडत तिनं वाचलं. बोट खाली खाली आलं आणि थांबलं.

“चार वजा नाहीये. का उलटवलंस?”

“कुठं?”

“इथं. वजाने भागलं तरच उलटतं. पलीकडे वजा वीस आहेत त्यांचा काही संबंध नाही. तू साध्या चाराने भागलंस.”

तिनं बघितलं. खरंच की. वजा दिसला आणि हात उलटवून मोकळा झाला, दुकानात उलटवतो तसा, न विचारता. “सवय गं... तिथं दिसलं चिन्ह की उलटवायचं.”

“हं.” नाकातून बारीक श्वास, पूर्वी जिथून हसू सुरू व्हायचं, तिथून. पण हसू आलं नाही. मुलीचं बोट चारावरच होतं.

“दुकानात तू चुकली नाहीस.”

“तिथं कसं चुकणार? कुणाच्या तरी डोळ्यावर जातं ते.”

“हो.” मुलगी कागदाकडे बघतच म्हणाली, “डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते? की तेव्हाच उठवलं असतं तरी काही फरक पडला नसता?”

दिव्याभोवती एक चिलट फिरत होतं. वरच्या मजल्यावर पाणी सोडलं कुणीतरी.

‘हो’ तयार होतं. जिभेच्या टोकावर, गुळगुळीत, इतक्या वेळा मनातल्या मनात घासून आणलेलं, की कडा उरल्या नव्हत्या. म्हणायचं आणि पोरीच्या केसांवरून हात फिरवायचा. तिला माहीत होतं ते कसं म्हणायचं – मान किती हलवायची, आवाज किती खाली आणायचा... आणि हेही कळलं, अंगभर काटा येत कळलं, की ते म्हणायच्या आधी आपण मुलीकडे बघणार आहोत. तिला ती नजर ठाऊक आहे. ती वाट बघतेय त्या नजरेची.

तेव्हा डॉक्टर पांढऱ्या भिंतीला टेकून उभे होते. थकलेले. हातातली चष्म्याची काडी दातात धरायची सवय असलेले. तिनं विचारलं होतं, आणि ते लगेच बोलले नव्हते. मग म्हणाले होते ते तिनं वाटेतच उचललं, झटकलं, दोन्ही बाजूंनी सारखं करून पोरीच्या ओंजळीत ठेवलं. एक उत्तर. पाच म्हणजे पाच. पण ते तसं उत्तर नव्हतंच; ते त्या दुसऱ्या, चोचीच्या गणिताच्या जातीचं होतं, ज्यात एका आकड्यावर बोट ठेवता येत नाही, फक्त एक बाजू मोकळी राहते, लांबच लांब, आणि तिच्यात काहीही असू शकतं.

आणि मीही म्हणाले होते ना, झोपू दे. एकटी तू नव्हतीस गं त्या फोनवर. हे मी तुला कधी... मी कधी स्वतःला तरी...

“नाही,” ती म्हणाली. कागदाकडे बघूनच म्हणाली, कारण वर बघायचं धाडस होईना. “तसं नाही म्हणाले. म्हणाले, सांगता येत नाही. वाचले असते कदाचित. कदाचित नसते.”

बोट चारावरून निघालं नाही. तिनं पोरीचा श्वास ऐकला, आत, बाहेर, आत – आणि तो थांबला नाही.

“म्हणजे?” मुलीनं विचारलं.

“म्हणजे...” ती म्हणाली. आणि पुढचं वाक्य शोधायला आत वळली तर आत काहीच मांडून ठेवलेलं नव्हतं. ना शहाणपणाचं, ना धीराचं, ना पोरीला बेतून दिलेलं. भीती होती, तशीच, कडेला दाटलेली. पण ती पोरीला लागू नये म्हणून पाठीमागे लपवायला आज हात उठेना. तिनं मान वर केली. पोरीचे डोळे तिच्यावरच होते, ओले, आणि त्यांत काय आहे हे तिला कळत नव्हतं, आणि पहिल्यांदाच ते आधी कळून घ्यावं असंही वाटत नव्हतं... “म्हणजे मलाही नाही माहीत गं,” ती म्हणाली, आणि बोलत राहिली.